वऱ्हाडी बोलीचे अवमूल्यन

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात आनंदीआनंद झाला. तो रास्तच होता. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी जे पुरावे मांडले गेले, त्यांत महानुभावांच्या गद्याचे स्थान मोठे आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते रिद्धपूर येथे, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, ऐन वऱ्हाडात. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. एकंदरीत मराठी गद्याच्या जन्मभूमीचा यथोचित सत्कार झाला, असे कोणीही म्हणेल.

परंतु याच जन्मभूमीतील एखादे सहासात वर्षांचे पोर शाळेत उभे राहून "गुरुजी, मले पानी प्यायचं हाय" असे म्हणते, तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते? बहुतेक वेळा हसू, क्वचित दटावणी आणि नेहमीच दुरुस्ती. भाषेच्या पूर्वजांचा गौरव आणि तिच्या चालत्याबोलत्या वारसांचा उपहास, अशी ही विसंगती आहे. ती केवळ वऱ्हाडापुरती नाही. मालवणी, अहिराणी, झाडी या बोलींच्या मुलखांतही हेच घडते. तरीही आपल्या पायाखालची जमीन सोडून सर्वसामान्य विधाने करण्यापेक्षा एका प्रदेशाचे उदाहरण घेऊन बोलावे, हे बरे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, भाषाशास्त्राचा नव्हे. म्हणूनच बोलीकडे तो संपत्तीचा एक प्रकार म्हणून पाहतो. संपत्ती कशी निर्माण होते, ती कोण मोजतो, तिची किंमत कोण ठरवतो आणि ती का घटते, हे प्रश्न शब्दांच्या बाबतीतही विचारता येतात.

अशुद्ध की नियमबद्ध?

'वऱ्हाड' म्हटले की पुण्यामुंबईच्या वाचकाला आधी लग्नाचे वऱ्हाड आठवते, नाहीतर लंडनला निघालेले ते लोकप्रिय एकपात्री वऱ्हाड. त्या प्रयोगातली बोली मराठवाड्याची आहे, हेही पुष्कळांच्या गावी नसते. अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशीम या जिल्ह्यांत ही बोली नांदते. वर्धा जिल्ह्यात ती नागपुरीला भेटते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे.

वऱ्हाडी म्हणजे बिघडलेली मराठी, अशी समजूत अजूनही सुशिक्षितांत आढळते. जे बिघडते ते कसेही बिघडते. त्याला नियम नसतो. वऱ्हाडीला मात्र नियम आहेत आणि ते निरक्षर माणूसही चुकत नाही. प्रमाण मराठीतील 'ळ' येथे 'य' होतो: काळा हा 'काया', डोळा हा 'डोया', शाळा ही 'शाया' आणि पोळा हा 'पोया'. 'ण'चा 'न' होतो: पाणी हे 'पानी' आणि लोणी हे 'लोनी'. शब्दारंभीचा 'वि' पुष्कळदा 'इ'वर येतो, म्हणून विस्तव 'इस्तो' होतो आणि विठ्ठल 'इठ्ठल' होतो. 'ला' या प्रत्ययाच्या जागी 'ले' येतो: मले, तुले, त्याले. का हे 'काहून' आणि कशाला हे 'कायले'. शेजारच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतही 'ळ'चा असाच 'य' होतो. त्या 'य'कारासकट उभ्या महाराष्ट्राने ती गाणी डोक्यावर घेतली. काव्यात जे गोड लागते ते वर्गात अशुद्ध कसे ठरते, याचे उत्तर व्याकरणात सापडणार नाही.

इतिहासाने या बोलीत निरनिराळ्या काळचे थर साचवले आहेत. निजामाच्या अमलातला हा मुलूख १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. फारशीचा संस्कार आणि हिंदीचा शेजार यांच्या खुणा येथल्या भाषेवर राहणारच. येथला शेतकरी स्वतःला 'कास्तकार' म्हणवतो. तो शब्द फारशीतून आलेला आहे, पण तो उच्चारताना त्याला परकेपणा वाटत नाही. 'काय करून राहिला?' या वाक्यरचनेवर हिंदीची छाया आहे. तथापि चालू क्रिया दाखवण्याची जी सोय त्या रचनेने बोलीला दिली आहे, ती तिने आता पूर्णपणे आपलीशी केली आहे. बाहेरून आणलेला माल घरच्या कारखान्यात घडला की तो घरचाच होतो.

शब्दांचे ऐश्वर्य

एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी चालतो, तेव्हा मोठी गंमत होते. पुण्याहून बदलून आलेल्या एखाद्या कारकुनाला भाजीवाली "सांबार देऊ का?" असे विचारते, तेव्हा त्याला इडलीसोबतची वाटी आठवते आणि ती मात्र त्याच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकते. येथे 'जाम' म्हणजे पेरू, 'भेदरं' म्हणजे टमाटे, 'फल्ली' म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, 'मुंगना' म्हणजे शेवगा. आंघोळ करत नाहीत, 'आंग धुतात'. प्रमाण मराठीत 'वावर' म्हणजे एखाद्याची हिंडण्याफिरण्याची जागा किंवा ये-जा. येथे 'वावर' म्हणजे शेत. प्रमाण मराठीत नेता संस्थेची 'धुरा' सांभाळतो. येथे 'धुरा' म्हणजे शेताचा बांध. त्या धुऱ्यावरून सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

काही शब्दांना तर पर्यायच नाही. मूर्खाला 'बह्याड' म्हणतात. त्यात थोडा वेडेपणा, थोडा भाबडेपणा आणि बोलणाऱ्याचा थोडा जिव्हाळाही असतो. 'तू त निरा बह्याड हायेस' असे आई मुलाला म्हणते, तेव्हा त्या 'निरा'चे काम 'अगदी' किंवा 'शुद्ध' हे शब्द पुरतेपणी करू शकत नाहीत. पुष्कळ म्हणजे 'बम', थोडेसे म्हणजे 'उलीसक'. आणि 'गमणे' हे क्रियापद पाहा. 'मले गमत नाही' याचे भाषांतर 'मला करमत नाही' असे करतात, आणि ते चूक नाही. जुन्या मराठी काव्यात 'गमे' म्हणजे 'वाटे', 'भासे'. ते क्रियापद प्रमाण भाषेच्या बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झाले आणि कवितेच्या पुस्तकात जाऊन बसले. वऱ्हाडात मात्र ते चुलीपाशी आणि वावरात जिवंत राहिले. सासरी गेलेली मुलगी माहेरी निरोप धाडते तो याच शब्दाने. शहरात शिकायला गेलेला मुलगा पहिल्या आठवड्यात घरी सांगतो तेही हेच. अभिजातपणाचे पुरावे ताम्रपटांत आणि शिलालेखांत शोधायचे ते शोधावेत. परंतु काही पुरावे असे रोज बोलले जातात.

वावरातील शास्त्र

खरे ऐश्वर्य शेतीच्या शब्दांत आहे. तेथे शब्द ही नुसती शोभा नसून ती साठवलेली माहिती असते. तीन फणांची 'तिफन' चालते, तिच्या 'चाड्या'त बियाणे पडते आणि मागे बांधलेल्या 'सरत्या'तून दुसऱ्या पिकाचे दाणे सुटतात. एकाच फेरीत कापूस आणि तूर यांचे प्रमाण राखण्याची ही युक्ती आहे, आणि एक पीक बुडाले तर दुसरे हाती लागावे हा तिच्यामागचा हिशेब आहे. फणाने पाडलेली रेघ म्हणजे 'काकर'. उभ्या पिकाच्या ओळींतून चालवायचे हलके औत म्हणजे 'डवरा'. हातांनी तण काढायचे ते 'निंदन'. सरकारी पुस्तिका डवरणीला 'आंतरमशागत' म्हणते. शब्द वाईट नाही. परंतु डवरा म्हटल्यावर जी ओल, जी वेळ आणि जी बैलजोडी कास्तकाराच्या डोळ्यांपुढे उभी राहते, ती आंतरमशागतीने राहत नाही.

कापसाचे झाड म्हणजे 'पऱ्हाटी'. तिला आधी 'पात्या' येतात, मग फूल, मग 'बोंड'. किडीने किंवा पावसाने डागाळलेला, नीट न उमललेला कापूस म्हणजे 'कवडी'. बाजारात त्याची किंमत काय, हे त्या एका शब्दातच सांगून झाले आहे. पहिल्या वेचणीपूर्वी घरच्या स्त्रिया वावरात दहीभात नेऊन पूजा करतात, ती 'सीतादही'. अनेक दिवस न उघडता पडणारा पाऊस म्हणजे 'झड'. ती लागली की निंदनाला बायका मिळत नाहीत, तण वाढते, पात्या गळतात आणि घरात हातउसने सुरू होते. पर्जन्यमापकावर झडीची नोंद इतके मिलिमीटर अशी होईल. पण मजुरी, तण आणि कर्ज यांचा जो संबंध 'झड' या एका अक्षरयुग्मात सामावला आहे, तो त्या आकड्यात उतरत नाही.

अशा शब्दांचा राज्यकारभाराला उपयोग होतो की नाही, याचे एक ताजे उदाहरण देता येईल. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी न उपटता पाणी देऊन पुन्हा बोंडे घेण्याच्या पद्धतीला 'फरदड' म्हणतात. नव्या लागवडीचा खर्च न करता चार पैसे मिळतात, म्हणून कास्तकाराला ती हवीशी वाटते. परंतु उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीची साखळी चालू राहते आणि पुढच्या वर्षीचे पीक धोक्यात येते. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे या अळीने त्यालाही दाद देईनाशी केली, तेव्हा फरदड टाळण्याचा प्रचार कृषी खात्याला जोराने करावा लागला. तो प्रचार करताना खात्याने 'फरदड' हाच शब्द घेतला, पुस्तकी पर्याय घडवत बसले नाही. निरोप घरोघर समजला. पाळला किती गेला, हा नफ्यातोट्याचा वेगळा प्रश्न आहे. पण 'कळलेच नाही' असे कोणी म्हणू शकले नाही. बोलीचा शब्द कार्यालयाच्या कागदावर आल्याने कार्यालयाची प्रतिष्ठा तिळमात्र कमी झाली नाही.

करारांची परिभाषा

एकदा वर्गात 'पीक-वाटा कुळपद्धती' हा विषय शिकवत होतो. पुस्तकातली व्याख्या फळ्यावर लिहून झाली, तरी चेहरे कोरेच. शेवटी मागच्या बाकावरून एक विद्यार्थी दबक्या आवाजात म्हणाला, "सर, हे त आमच्याकडची बटईच होय ना?" वर्ग हसला. पण त्यानंतर जो तास झाला, त्याच्या तोडीचा तास त्या वर्षी झाला नाही. कारण मग एकेकाने आपापल्या घरचे शब्द काढायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता श्रम व जमीन यांच्या करारांचे संपूर्ण कोष्टक फळ्यावर तयार झाले.

'बटई'त पिकाचा वाटा ठरतो, म्हणून बुडाले तर दोघांचेही बुडते. 'मक्त्या'त ठरलेली रक्कम जमीनमालकाला द्यावीच लागते. पावसाचा सगळा जुगार वावर करणाऱ्याच्या माथी. 'सालदार' वर्षभरासाठी बांधलेला. त्याला बेकारीची भीती नाही, पण वर्षभर दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीकही नाही. 'रोजी'ने जाणाऱ्याचे उलट. 'गुत्त्या'ने निंदन घेतले की सबंध वावराचे पैसे ठरतात. काम लवकर आटोपले तर मजुरांचा फायदा, तण दाट निघाले तर तोटा. पाच शब्द आणि जोखीम वाटून घेण्याच्या पाच रीती! विकासाचे अर्थशास्त्र ज्या प्रश्नावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिते, त्याची प्राथमिक मांडणी निरक्षर माणसांनी पाच शब्दांत करून ठेवली आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात खेड्याच्या अर्थव्यवहाराचे जे दर्शन घडवले, ते गावच्या शब्दांवाचून घडलेच नसते, हे त्या ग्रंथाच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे.

या शब्दांना कागदावर जागा नाही, याचे परिणाम मात्र गंमतीचे नाहीत. मक्त्याचा व्यवहार बहुधा तोंडी होतो. अतिवृष्टीने पीक गेले की भरपाईची यादी सात-बाराच्या उताऱ्यावरून तयार होते. ज्याचे बियाणे, खत आणि घाम वाहून गेला तो मक्तेदार त्या यादीत नसतो. हा दोष कायद्याचा आहे, भाषेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु जे नाव कोणत्याच नमुन्यात लिहिले जात नाही, त्या नावाच्या माणसाची गणनाही होत नाही, आणि ज्याची गणना नाही त्याच्यासाठी कायदा कोण बदलणार?

सोन्याची कुऱ्हाड

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे जुने लोक म्हणत. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि या प्रदेशाचे नाव दूरवर पोचले. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली. देशातील नियंत्रित बाजारपेठेचा पहिला प्रयोग १८८६ मध्ये कारंजा येथे झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. हा वैभवाचा काळ. त्यानंतरच्या कथेचे एक प्रकरण असे की जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांना विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली, ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे होते. म्हणजे ज्या मुलखाच्या बोलीविषयी आपण बोलत आहोत, तोच मुलूख.

या संकटाची कारणे भाषेत नाहीत. भाव, पतपुरवठा, सिंचन, बियाणे ही ती कारणे होत. तथापि संकटातल्या माणसाशी सरकार, बँक आणि व्यापारी कोणत्या भाषेत बोलतात, हा प्रश्न गौण मानता येणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी गेले. त्याचीही कारणे अनेक होती. पण डब्यावरच्या बारीक टायपातील सूचना पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला वाचता येते का, आणि वाचली तरी तिच्यातले शब्द त्याच्या ओळखीचे असतात का, हे त्या वेळी किती जणांनी विचारले? भाषा कळणे ही जेथे जीवनमरणाची बाब होते, तेथे बोलीचा पुरस्कार हा साहित्यिकांचा छंद राहत नाही.

घसारा आणि अवमूल्यन

शब्द मरतात याचे दुःख करू नये, असे म्हणणारे आहेत. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. यंत्र जुने होते, त्याचा घसारा होतो, ते मोडीत निघते. तिफन गेली आणि ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले, तर 'चाडं' आणि 'सरतं' हे शब्दही जाणार. त्यांची नोंद ठेवावी, त्यांना निरोप द्यावा. बैल परत आणा, असा आग्रह धरू नये. जीवनाबरोबर भाषेने बदलणे हे आरोग्याचेच लक्षण आहे.

परंतु घसारा वेगळा आणि अवमूल्यन वेगळे. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४.७६ रुपयांना मिळणारा डॉलर ७.५० रुपयांना मिळू लागला. त्या दिवशी रुपयाचे नाणे झिजले नव्हते, त्याच्यातली धातू कमी झाली नव्हती. त्याची किंमत एका निर्णयाने खाली आली. 'मले', 'गमत नाही', 'वावर', 'आंग धुणे' हे शब्द झिजलेले नाहीत. त्यांच्यामागची वस्तू आणि भावना जशीच्या तशी आहे. माणसे अजून शेत कसतात, अजून अंघोळ करतात, अजून त्यांना घराबाहेर करमत नाही. या शब्दांचे अवमूल्यन झाले आहे, ते शाळेत, मुलाखतीच्या खोलीत, लग्नाच्या बोलणीत आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. तेथे गडी, चोर आणि विदूषक बोली बोलतात, तर नायक प्रमाण भाषा बोलतो. पाच-दहा वर्षे हे पाहिले की मुलगा स्वतःच आईला टोकतो, "शाया म्हणू नको, शाळा म्हण." ज्या दिवशी घरातच हा दर ठरतो, त्या दिवशी बोलीची बाजारपेठ संपते.

वास्तविक हसवणे हेच या बोलीचे काम आहे, हा समज मुळातच खोटा आहे. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर कीर्तने केली ती याच बोलीत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा, असा कडक अर्थशास्त्रीय उपदेश त्यांनी लोकांच्या शब्दांत केला आणि लोकांनी तो ऐकला. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० मध्ये आली. एका गरीब कुटुंबाची जी होरपळ तिच्यात आहे, ती वाचताना हसू येत नाही. विठ्ठल वाघ यांनी या बोलीत कविता लिहिली आणि तिच्या म्हणींचाही अभ्यास केला. दारिद्र्य, श्रम, भक्ती, संताप या सर्वांचा भार उचलण्याचे सामर्थ्य वऱ्हाडीत आहे, हे सिद्ध करण्यास आणखी पुरावे नकोत.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, मुलांना बोलीतच ठेवले तर ती स्पर्धेत मागे पडतील. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो बहुधा ज्यांना स्वतःला झगडून पुढे यावे लागले अशा पालकांचा असतो. त्यांना उत्तर एवढेच की, प्रमाणभाषा ही चलनासारखी आहे. एका प्रांताचा माल दुसऱ्या प्रांतात खपायचा, तर सर्वमान्य नाणे हवेच. शास्त्र, कायदा, प्रशासन, परीक्षा यांसाठी प्रमाण मराठी प्रत्येक मुलाला उत्तम आलीच पाहिजे. तिच्यापासून त्याला वंचित ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. परंतु नाणे म्हणजे संपत्ती नव्हे. संपत्ती वावरात, कारखान्यात, माणसाच्या हातात असते. नाणे तिचा विनिमय घडवते. ज्या देशात नाणी पाडण्यासाठी धान्याची कोठारे जाळली जातात, त्या देशाला आपण शहाणा म्हणणार नाही. मूल घरून जे शब्दधन घेऊन येते, त्याच्या आधारावर प्रमाणभाषा शिकवता येते, आणि ती तशीच लवकर येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचा पुरस्कार केला, त्यामागे हाच विचार आहे.

दुसरा आक्षेप असा की, बोलीचे कौतुक म्हणजे खेड्याचे आंधळे गोडवे. तेही मान्य करून टाकावे की बोलीत सर्वच सोने नाही. जातींना हिणवणाऱ्या म्हणी तिच्यात आहेत, बाईला कमी लेखणारे वाक्प्रचार आहेत. ते जपून ठेवायचे ते अभ्यासकाच्या पेटीत, तोंडात नव्हे. पण हा दोष प्रमाण मराठीतही आहे, आणि तेवढ्यावरून कोणी तिला वर्गाबाहेर काढत नाही.

करता येण्याजोगे

मोठ्या योजना सुचवण्याचा हा प्रपंच नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचे काम हाती घेतले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड २०१३ मध्ये निघाला. अभ्यासकांनी आपले काम केले आहे आणि ते पुढेही करतील. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात, आजच्या साधनांवाचून, तयार झाले, याचे स्मरण ठेवले तरी आपल्याला काम अवघड वाटणार नाही.

राहिले आपण. शिक्षकांनी एवढेच करावे की 'मले' म्हणणाऱ्या मुलाला चूक म्हणू नये. 'घरी मले, पुस्तकात मला' असे सांगावे. मूल दोन्ही शिकते आणि त्याची मानही खाली जात नाही. कचेरीत बसणाऱ्यांनी समोरचा माणूस 'धुरा' म्हणाला तर त्याच्यासमोर 'सामायिक हद्द' असा शब्द फेकू नये. कागदावर कायद्याचा शब्द लिहावा आणि तोंडाने त्याचा शब्द बोलावा. पीक विम्याच्या, कर्जाच्या आणि औषधफवारणीच्या सूचना छापण्याआधी त्या चार कास्तकारांना व चार मजुरांना वाचून दाखवण्याचा नियम व्हावा. यास खर्च काहीच नाही. आणि विद्यार्थ्यांनी, विशेषतः महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या आजीकडून आणि गावच्या जुन्या सालदाराकडून शंभर शब्द अर्थासह लिहून आणावेत. शब्द, तो वापरलेले एक वाक्य आणि सांगणाऱ्याचे गाव, एवढी नोंद पुरे. एका महाविद्यालयाच्या दोनशे विद्यार्थ्यांनी हे केले, तर पुनरुक्ती वजा जाताही काही हजार शब्दांचे भांडवल जमेल. रिद्धपूरच्या विद्यापीठाला याहून चांगली देणगी कोणती?

रुपयाची किंमत वाढवणे आपल्या हातात नसते. ती जगाच्या बाजारात ठरते. बोलीची किंमत मात्र घराघरांत आणि वर्गावर्गांत ठरते, म्हणजे ती ठरवणारे आपणच आहोत. उद्या वर्गात एखादे मूल 'मले गमत नाही' म्हणाले, तर निदान आपण हसू नये. सुरुवात तेवढ्याने होईल.